राघूचं काय करायचं ते आधी सांगा

मागच्या पावसाळ्यात मी एक पिंजरा चादरीत गुंडाळून रिक्षातून नेला. चादर आपली सोलापुरी, जाड, चौकड्यांची, आणि आत शेजारच्या अव्वांचा, म्हणजे तेलुगू आजींचा, राघू. सोलापूरच्या अशोक चौकात रिक्षा केली तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं काय आहे हो आत, मी म्हटलं मिक्सर आहे, रिपेअरला चाललाय. पुढच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि मिक्सरमधून आवाज आला, "तिन्नावा?" म्हणजे जेवलास का. रिक्षावाला शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातलाच, त्याला ती भाषा आपसूक येते, तो आरशात बघत म्हणाला, "तिन्नानु." जेवलो. मग पूर्ण रस्ताभर तो हसत होता आणि मी मान खाली घालून बसले होते, जसं काही मी चंदनाचं लाकूड चोरून नेतेय.

मी काही चोरलं नव्हतं. राघूची चोच वाढली होती, एवढीच गोष्ट. वरची चोच खाली वळून गळ्याला टेकायला आली होती, दाणा धरता येत नव्हता, अव्वा बिचाऱ्या भाकरी चुरून दुधात कालवून बोटाने भरवत होत्या आणि तो अर्धी छातीवर सांडत होता. पहिल्या ठिकाणी गेलो तिथे पिंजऱ्याकडे बघूनच सांगितलं, ताई हे पाळायला बंदी आहे, आम्ही हात लावत नाही, घरी न्या. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं, टॉवेलात धरून चोच घासून दिली, नखं कापली, पोट चाचपून बघितलं, पैसे पण फार घेतले नाहीत. केसपेपर मात्र माझ्याकडे अजून आहे. त्यावर लिहिलंय : कोंबडी, मादी. गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला, वीस वर्षं घर डोक्यावर घेणारा नर राघू सरकारी भीतीपायी कोंबडी झाला.

हे विनोद म्हणून मी बऱ्याच जणांना सांगितलंय, सगळे हसतात, पण हसून झालं की माझ्या डोक्यात राग येतो. माझं म्हणणं सरळ आहे. नवा पोपट कुणीही घरी आणू नये, देशी तर नाहीच नाही. पण जो आधीच घरात म्हातारा झालाय त्याला दिवसाढवळ्या डॉक्टरकडे नेता आलं पाहिजे, आणि त्यासाठी सरकारने एकदाच, ठराविक मुदतीसाठी नोंदणीची खिडकी उघडावी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा सगळा लेख.

आधी कायदा, कारण निम्म्या सोलापूरला तो माहीतच नाहीये. आपला हिरवा, लाल चोचीचा साधा पोपट, ज्याला आपण राघू म्हणतो, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पण येतो. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि पूर्वी चौथ्या अनुसूचीत (म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत) असलेला राघू दुसऱ्या अनुसूचीत गेला. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पकडलेला वन्यप्राणी कायद्याने सरकारची मालमत्ता असतो आणि असा प्राणी कुठल्याही मार्गाने तुमच्या हाती आला तर ४८ तासांत कळवायचं असतं. अव्वांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं मग सरकार वीस वर्षं दाणं द्यायला का आलं नाही."

आता कायदा चूक आहे का, तर नाही, अजिबात नाही, आणि इथे माझं अव्वांशी पण पटत नाही. पोपट घरटं बांधत नाही, जुन्या झाडाची ढोली शोधतो, वड, पिंपळ, कडुनिंब, नाहीतर जुन्या भिंतीचं भोक. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पिल्लांचा हंगाम. पकडणारे त्या ढोलीत हात घालतात, पिसं न फुटलेली पिल्लं काढतात, काही वेळा ढोलीचं तोंड कोयत्याने मोठं करतात, म्हणजे पुढच्या वर्षी ती ढोली कुठल्याच जोडीच्या कामाची नाही. मग ती पिल्लं टोपलीत, पोत्यात, उन्हात, बसच्या टपावर. तुमच्या हातात पाचशे रुपयांत जे एक पिल्लू येतं त्याच्या आधी वाटेत किती मेली ते विकणारा सांगणार नाही आणि तुम्ही पण विचारत नाही. आणि रस्ता रुंदीकरणात जुनी झाडं जाऊन ढोल्या आधीच किती उरल्यात ते आपल्या डोळ्यांनी दिसतंच. पिंजऱ्यातला प्रत्येक राघू हा कुठल्यातरी ढोलीतून उचललेला आहे, अव्वांचा पण. त्यांच्या मिस्टरांनी आणला होता, पॉवरलूमच्या कामावरून येताना, पोरीसाठी. ती पोर आता हैदराबादला दोन मुलांची आई आहे.

(शेतकऱ्याला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. हुरड्याच्या दिवसात ज्वारीच्या कणसांवर थवा उतरला की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला पोपट संरक्षित आहे हे सांगून बघा. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागांवर जाळ्या टाकतात त्या काही हौस म्हणून नाही. ते भांडण खरं आहे, पण ते शेतातलं आहे, पिंजऱ्यातलं नाही.)

तर कायदा बरोबर. मग लोक म्हणतात सोपं आहे की, सोडून द्या. सोडून द्या म्हणणाऱ्यांसाठी माझ्या मामाची गोष्ट. मामाकडे आमच्या लहानपणी एक पोपट होता, मिठू, बारा-तेरा वर्षांचा. कुणीतरी मामाला सांगितलं संक्रांतीला पक्षी सोडला की पुण्य लागतं, त्यात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चाललेली, सगळं घर भाविक मूडमध्ये. आम्ही दोन लुनांवर बसून कंबर तलावाला गेलो. मामाने पिंजऱ्याचं दार उघडलं. मिठू बाहेर येईना. मामाने पिंजरा तिरका केला तर दांडीला चोचीने धरून लटकला. शेवटी हात घालून काढला आणि वर उडवला तर तो चार-पाच फूट फडफडून मातीत उतरला, चालत चालत परत आला आणि मामाच्या पँटला धरून वर चढायला लागला. आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो, आम्हाला वाटलं मजा. तिसऱ्यांदा उडवला तेव्हा कसाबसा एका बाभळीच्या खालच्या फांदीवर बसला आणि तिथून ओरडायला लागला "मामी, मामी", कारण घरात तीच हाक तो दिवसभर ऐकायचा. मग कावळे आले. आधी दोन, मग सात-आठ. आम्ही दगड मारले, अंधार पडेपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एकटा हिरवी मिरची घेऊन परत गेला, आणि घरी आला तेव्हा त्याच्या शर्टच्या खिशात शेपटीचं एक लांब पीस होतं. मामी तीन दिवस मामाशी बोलली नाही. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा झालं ते मला अजून कळलेलं नाही.

पिल्लू असतानाच माणसात आलेल्या पोपटाला उडायचा दम नसतो, छातीचे स्नायू वाढलेलेच नसतात, अन्न शोधता येत नाही, घार दिसली की काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं, आणि थव्यातले पोपट त्याला लगेच आपला म्हणतीलच असं नाही. त्याला सोडणं म्हणजे मारणं, फक्त आपल्या डोळ्यांसमोर नाही एवढंच. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं असं आपण म्हणतो, इथे धरलं तर गुन्हा आणि सोडलं तर मरतं. रीतसर मार्ग म्हणजे वनविभागाला कळवायचं, १९२६ ही त्यांची हेल्पलाइन आहे, जखमी किंवा झाडावरून पडलेला पक्षी सापडला तर तिथेच फोन करा, घरी ठेवून घेऊ नका. पण वीस वर्षांच्या पोपटाबद्दल तिथे फोन करणं म्हणजे स्वतःविरुद्ध जबाब देणं, आणि सत्तरीच्या बाईला तुम्ही ते करायला सांगणार? ती काय करते, पिंजरा पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेते. पूर्वी राघू ओट्यावर असायचा, गल्लीशी गप्पा मारायचा, आता बोळकांडीत, उजेड नाही वारा नाही. कायदा कडक झाल्याने अव्वांच्या राघूच्या आयुष्यात झालेला बदल हा एवढाच.

आणि इथे मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी-पक्षी पाळणाऱ्यांसाठी एक योजना काढली होती, सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कुठून आणला त्याचे कागद मागणार नाही. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले, ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करा. म्हणजे ज्याच्याकडे मकाव आहे, काकाटू आहे, आफ्रिकन ग्रे आहे, त्याला फॉर्म भरून रीतसर मालक होता येतं. तो आफ्रिकन ग्रे सुद्धा आफ्रिकेतल्या कुठल्यातरी जंगलातून असाच उचलून उचलून एवढा कमी झाला की २०१६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत टाकावं लागलं. बजरी आणि कॉकटेल या छोट्या परदेशी पोपटांना तर ही नोंदणी पण लागत नाही. मला मान्य आहे, या योजनांमागे कारण आहे, परदेशी पक्ष्यांची संख्या कळावी, रोगराई कळावी, तस्करीवर नजर राहावी. पण मग तीच तीन कारणं देशी पोपटाला लागू होत नाहीत का? लाखभराचा मकाव बंगल्यात कायदेशीर आणि पाचशेचा राघू पत्र्याच्या घरात गुन्हेगार, हे बघून लोक कायद्याचा आदर करतील अशी अपेक्षा करणं म्हणजे लोकांचा पोपट करणं आहे.

म्हणून माझी मागणी. तीन महिन्यांची मुदत द्या. फुकट नोंदणी, कुठून आणला विचारायचं नाही. फोटो काढा, पायात कडं घाला, एकदा डॉक्टरी तपासणी करा, आणि लिहून घ्या की हा पक्षी विकणार नाही, देणार नाही, जोडी लावणार नाही, मेला की कळवू. मुदत संपली की त्यानंतर सापडेल त्याला काहीही दयामाया नको. आणि या तीन महिन्यांत बाजारात विकणाऱ्यांवर, ढोल्या फोडणाऱ्यांवर धाडी दुप्पट करा, कारण पिल्लू आणणारा तो आहे, चोच घासायला नेणारी मी नाही.

यावर पहिला आक्षेप मला माहितीय, आमच्याच घरात भाऊ हे बोलला. म्हणे तू खिडकी उघडलीस की दुसऱ्या दिवशी सगळे विक्रेते ताजी पिल्लं जुनी म्हणून खपवतील. आक्षेप जेन्युइन आहे. पण पोपटाचं वय अगदीच लपत नाही. नराच्या गळ्यातला कंठ साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतो, पिल्लांना नसतो, मादीलाही ठळक नसतो. म्हणजे कंठवाला नर कालपरवाचा नाही हे कुठलाही वनरक्षक एका नजरेत सांगेल, आणि बिनकंठाच्यांची जास्त चौकशी करा, डोळे, चोच, पायाची कातडी बघणारा माणूस बसवा. थोडे सुटतील, मान्य. आज तर सगळेच सुटलेत, फक्त डॉक्टरला सापडत नाहीत. दुसरा आक्षेप असा की वनविभागाकडे माणसं कुठे आहेत, त्यांना नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी बघायचाय, काळवीट बघायचेत, लांडगे बघायचेत. खरंय. पण पाळीव पोपटाची नोंद घ्यायला जीप लागत नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यातली एक खोली आणि आठवड्यातले दोन दिवस लागतात. तिसरा आक्षेप प्राणीप्रेमी मंडळींचा, की पिंजरा म्हणजे पिंजरा, त्याला कायदेशीर करायचंच नाही. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका आदेशात पक्ष्यांना आकाशात उडायचा हक्क आहे असं म्हटलं होतं, ते हे लोक नेहमी सांगतात, आणि मला ते वाक्य आवडतं. पण ज्याला उडताच येत नाही त्याचा तो हक्क आपण आधीच खाऊन बसलोय, आता त्याला निदान औषधाचा तरी हक्क द्या. हलता न येण्याइतक्या छोट्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच, नोंदणी असली तर निदान पिंजरा केवढा आहे ते कुणीतरी येऊन बघेल.

लहानपणी ऐकलेली राजाच्या पोपटाची गोष्ट आठवते. पोपट मेला असं जो सांगेल त्याचं डोकं उडवणार, म्हणून प्रधान म्हणतो महाराज पोपट चोच उघडत नाही, पंख हलवत नाही, डोळे मिटून पडलाय. आपल्याकडे तसंच चाललंय. गल्लीला माहीत, पोस्टमनला माहीत, गॅसवाल्याला माहीत, साध्या वेषात फिरणाऱ्या वनवाल्यांना पण माहीत असणार, बोलायचं कुणीच नाही.

आता जरा घरातल्यांना पण बोलते, कारण प्रेम आहे म्हणून सगळं माफ असं नसतं. त्या डॉक्टरांनी अव्वांना विचारलं काय खायला घालता, अव्वा अभिमानाने म्हणाल्या शेंगदाणे, चहात बुडवलेलं बिस्कीट, भाकरी, शेंगा चटणी. डॉक्टर म्हणाले चोच अशी वाढते त्यामागे बऱ्याचदा लिव्हर असतं, आणि ते लिव्हर तुम्ही शेंगदाण्याने चरबीचं केलंय. अव्वांचा चेहरा पडला. वीस वर्षं स्वतःच्या ताटातलं दिलं, आणि तेच. आपल्या सगळ्यांचं हेच आहे, पोपट म्हटलं की सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, मिरची. मिरची खरंतर चालते, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यांच्या तोंडात ती आग ओळखणारी सोय माणसासारखी नाहीये, म्हणून तो तुमच्यासमोर लवंगी मिरची मिटक्या मारत खातो. पण मीठ नको, तेल नको, चहा-चॉकलेट नको, अ‍ॅव्होकॅडो तर विषच (अव्वांच्या घरी अ‍ॅव्होकॅडो येण्याची शक्यता नाही ते सोडा). गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पेरू, मोड आलेले मूग, भिजवलेली ज्वारी, हे घाला. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, मग नाक वाहतं, मग श्वास, आणि पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, आपल्याला कळतं तेव्हा तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेला असतो.

दुसरी आपल्या गावाची खास गोष्ट म्हणजे ऊन. एप्रिल-मे मध्ये ४३-४४ डिग्री, वर पत्रा, आणि पिंजरा त्याच पत्र्याखाली टांगलेला. तो चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो, आणि पोरं म्हणतात बघ नाचतोय. ओलं फडकं टाका, अंगावर पाण्याचा फवारा मारा, दुपारी खाली फरशीजवळ ठेवा. बाहेर सोडाल तर आधी पंखा बंद, सीलिंग फॅनने गेलेले पोपट मी दोन घरांत ऐकलेत. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापून धूर धरला तर त्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो, तेव्हा आपला भाकरीचा लोखंडी तवाच बरा.

आणि जे लोक कायदेशीर आहे ना, मग घेऊ की कॉकटेल म्हणतात त्यांना माझं म्हणणं पटणार नाही, तरी बोलते. माझ्या बहिणीने मुलाला दहावीच्या रिझल्टला कॉकटेल घेऊन दिला. दोन वर्षांत मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. सोलापुरात हे घराघरात आहे, पोरं पुण्याची गाडी धरतात ती सणालाच परत येतात. कॉकटेल पंधरा-वीस वर्षं जगतो, राघू पंचवीस-तीस. थव्यात राहणारा पक्षी, दिवसभर एकटा, समोर बंद टीव्ही. बहिणीचा कॉकटेल आता छातीची पिसं स्वतः उपटतो, छाती सोललेल्या कोंबडीसारखी दिसते, मुलगा व्हिडिओ कॉलवर त्याला शीळ घालतो आणि तो मोबाईलच्या मागे जाऊन बघतो. कायद्यात बसतं म्हणजे घरात बसतंच असं नाही. ज्या घरातली माणसं पुढची वीस वर्षं कुठे असतील ते सांगू शकत नाहीत त्यांनी हा जीव आणू नये, आणि सोलापुरात आज ते कोण सांगू शकतं.

अव्वा सांगू शकतात. त्या कुठेही जाणार नाहीत, पोरगी दरवर्षी हैदराबादला बोलावते, त्या म्हणतात राघूला कोण बघणार. मला परवा त्यांनी हळूच विचारलं, मी आधी गेले तर तू घेशील का गं त्याला. मी हो म्हटलं. नंतर रात्री लक्षात आलं की मी आत्ताच एका गुन्ह्याला कबूल झालेय, नवरा म्हणाला कोंबडी म्हणून घे.

चोच दर दोन-तीन महिन्यांनी घासावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. पुढच्या शुक्रवारी न्यायचंय. रिक्षावाल्याने नंबर देऊन ठेवलाय, मिक्सर केव्हा न्यायचा ते आदल्या दिवशी कळवा म्हणाला. अव्वांनी चादर धुऊन गच्चीवर वाळत घातलीय आणि शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, राघू सकाळपासून त्या फळीकडे बघून शिव्या देतोय, तेलुगूत.